हौसेचा धागा आणि हिशेबाची वही

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. ताणा, बाणा, कोन, बीम, कटपीस, उधारी आणि वसुली यांपलीकडे सुताचा दुसरा काही उपयोग असेल, असा विचार आम्ही कधी केला नव्हता. सूत म्हणजे माल आणि माल म्हणजे पैसा, एवढेच आम्हाला ठाऊक. ही समजूत आमच्याच घरात खोटी ठरली आणि त्या ओघात आमच्या हातून एक चूकही घडली. व्यापारी व कारागीर बंधूंना तिचा उपयोग व्हावा म्हणून ती येथे मांडत आहोत.

आपांची सुई

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या दुल्हेभाईंचा इंतकाल झाला. आमच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आपांना, आम्ही सोलापुरात आमच्याकडे घेऊन आलो. इद्दतीचे चार महिने दहा दिवस त्या घरातच होत्या. बाजार बंद, येणेजाणे बंद, पुरशाला येणारेदेखील फोनवरच बोलून मोकळे होत. दिवस कसाबसा सरे, रात्र सरत नसे. जेवणावर वासना नाही, कोणाशी बोलणे नाही. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, पण पहाटे तीनला आपा जाग्याच असत.

एके दिवशी त्यांनी अम्मीच्या लोखंडी पेटीतून क्रोशाची सुई बाहेर काढली. आमच्या लहानपणी अम्मी घरातल्या प्रत्येक वस्तूवर क्रोशाचा रुमाल घालीत. रेडिओवर रुमाल, माठावर रुमाल, पाहुण्यांच्या ट्रेवर रुमाल. शाळेत असताना आपा हे काम अम्मीजवळ शिकल्या होत्या. लग्नानंतर ते सुटले ते सुटलेच.

पहिला रुमाल वाकडा झाला. आपांनी तो उसवला आणि त्याच धाग्याने पुन्हा घातला. मग आमच्या नातवासाठी टोपी घ्यायचे ठरले. क्रोशाची टोपी माथ्यापासून सुरू होते. सहा-आठ साखळ्यांचे एक कडे करायचे, त्यात खांब घालायचे, दर फेरीला ठरावीक टाके वाढवीत जायचे. वाढ बरोबर असेल तर माथा सपाट बसतो. जास्त झाली तर कडेला झालर पडते, कमी झाली तर वाटीसारखा खोलगट होतो. डोक्याचे माप आले की वाढ थांबवायची, म्हणजे बाजू आपोआप उभी राहते. एक टाका चुकला तर पुढच्या फेरीत तो कबूल करावाच लागतो.

आम्ही विचारले, यात काय मन लागते? आपा म्हणाल्या, "टाके मोजताना दुसरे काही मोजता येत नाही." दीड महिन्याने त्या आमच्याबरोबर दस्तरखानावर बसून जेवू लागल्या. गोळी हळूहळू, डॉक्टरांना विचारून, सुटली. सुईने दुःख गेले असे आम्ही म्हणणार नाही. दुःख होते तेथेच होते. पण हाताला काम लागले आणि काळीज थोडे सैल झाले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

हा अनुभव फक्त आमच्या घरचा नाही. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी २०२० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ८७ देशांतील ८,३९१ क्रोशा विणणाऱ्यांनी तिच्यात उत्तरे दिली. या कामाने मन शांत होते असे सुमारे ९० टक्के लोकांनी सांगितले, आनंद वाटतो असे ८२ टक्क्यांनी, तर आपण काही उपयोगाचे आहोत असे वाटते असे सुमारे ७५ टक्क्यांनी. आता व्यापारी म्हणून आम्ही एवढे जरूर म्हणू की, ज्यांना हे काम आवडते त्यांनीच ही उत्तरे दिली आहेत. मिठाईवाल्याच्या दुकानात उभे राहून गोड आवडते का असे विचारण्यासारखे ते आहे. तरीही शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याचा धंदा बसला, ज्याचे माग भंगारात गेले, ज्या बाईचा आधार गेला, त्याला पैशाइतकीच टोचणी याचीही असते की, आपण आता कोणाच्या कामाचे राहिलो नाही.

आमची चूक

आपांच्या टोप्या नातेवाइकांत गेल्या, मोहल्ल्यात गेल्या. कौतुक झाले. आणि आमच्यातला व्यापारी जागा झाला.

२०२२ चा रमजान एप्रिलच्या सुरुवातीला होता. जानेवारीअखेर आम्ही एका ओळखीच्या दुकानदाराकडून वीस डझन टोप्यांची ऑर्डर घेतली. भाव पंचाहत्तर रुपये नग, माल मार्चअखेर. आपा आणि मोहल्ल्यातल्या पाच बायका, अशा सहा जणी कामाला लावल्या. सूत आमचे. मजुरी नगाला चाळीस रुपये ठरवली. ठरवली म्हणजे आम्ही सांगितली आणि त्यांनी मान हलवली. मनात आमच्या काय होते? या बायका नाही तरी घरी बसूनच विणतात, फावल्या वेळेत चार पैसे मिळाले तर बरेच. आपण उपकारच करीत आहोत.

पहिल्या आठवड्यात ठीक चालले. मग तक्रारी सुरू झाल्या. एकीचा अंगठा सुजला, एकीचे डोळे दुखू लागले. मापात फरक पडला म्हणून आम्ही अकरा टोप्या परत केल्या. आपांची झोप पुन्हा गेली. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी सुताची पिशवी आमच्यासमोर आणून ठेवली. म्हणाल्या, "भाई, आधी सुई हातात घेतली की रात्र निघून जायची. आता सुई घेतली की तुझी तारीख दिसते. हे मला नको. आणि त्या पोरींना तू काय देतोस, त्याचा एकदा हिशेब कर."

त्या रात्री आम्ही वही काढली. एका टोपीला सरावलेल्या हाताला सहा तास लागत होते. वीस डझन म्हणजे २४० टोप्या, १,४४० तास. सहा जणींत वाटले तर प्रत्येकीला रोज चार तास, दोन महिने, एकही सुट्टी नाही. घरचा स्वयंपाक, पाणी, मुले याशिवाय. याला फावला वेळ कोण म्हणेल? आणि चाळीस रुपयांना सहा तास म्हणजे तासाला पावणेसात रुपयेही पडत नव्हते. आमच्या गोदामातला हमाल एवढ्या पैशात गाठोड्याला हात लावणार नाही.

अकरा डझन टोप्या तयार होत्या. त्या दिल्या, बाकीची ऑर्डर रद्द केली, दुकानदाराची नाराजी पत्करली. तयार झालेल्या १३२ टोप्यांवर नगाला आणखी ऐंशी रुपये खिशातून दिले. मिळाले ९,९०० आणि मजुरी गेली १५,८४०, सूत वेगळे. धंद्यात आम्ही याहून मोठी खोट खाल्ली आहे. पण ही खोट भरून काढतानाही मजुरी तासाला वीस रुपयांवरच आली, आणि ती पुरेशी नव्हती हे आम्ही जाणतो. खरे म्हणजे तो भावच चुकीचा होता. बाजारात स्वस्त मिळणारी जाळीची टोपी यंत्रावर विणलेली असते. धंद्यात ज्याला क्रोशे मशीन म्हणतात तेही खरा क्रोशा घालत नाही, ते ताण्याच्या विणाईचे यंत्र आहे. खरा क्रोशा आजही हातानेच होतो. हाताचे काम यंत्राच्या भावात घ्यायचे म्हटले तर मधला फरक कोणाच्या तरी बोटांतून निघणार.

नरसापूरचा धडा

क्रोशाने भुकेच्या वेळी आधारही दिला आहे, हे विसरता येणार नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक सडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा अनेक घरे क्रोशाच्या लेसवर तगली. क्लोन्स या गावी पाद्र्याच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी १८४७ च्या सुमारास हे काम शिकवण्याची सोय केली. तेथे ते उघड उघड पोटाचे काम होते. कोणी त्याला हौस म्हटले नाही.

आपल्या देशातले उदाहरण आंध्रातील नरसापूरचे. गोदावरीच्या मुखाजवळच्या या भागात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात लेसचे काम आणले. पुढे त्याचा परदेशी व्यापार झाला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना आढळले ते असे. बाया घरकाम सांभाळून रोज सहा-आठ तास लेस घालीत, आणि पदरात पडे ती रक्कम अगदीच तुटपुंजी. व्यापारी आणि निर्यातदार मात्र वर येत गेले. कारण एकच. या बाया कामगार नाहीत, गृहिणी आहेत, वेळ घालवण्यासाठी विणतात, असे सर्वांनी धरून चालले होते. नरसापूरच्या क्रोशा-लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मालाला मान मिळाला, चांगले झाले. हाताला किती मिळाले, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

हे वाचताना आम्हाला आमचीच वही आठवली. "फावला वेळ" हे दोन शब्द मजुरी कापण्याची कात्री आहेत. आमच्या सोलापुरात घरी बसून विडी वळणाऱ्या हजारो बाया आहेत. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरात बसून काम करणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले. सुई हातात असलेल्या बाईला तसे म्हणायला आम्ही व्यापारी अजून तयार नाही.

व्यापाऱ्यांनी काय करावे

आमचे म्हणणे साधे आहे. हौस आणि मजुरी यांची सरमिसळ करू नका. घरातले माणूस मन रमवण्यासाठी काही करीत असेल तर त्याला ऑर्डर देऊ नका, तारीख देऊ नका, "याचे किती येतील?" असे विचारू नका. वाकडा रुमाल वाकडाच राहू द्या.

माल विकत घ्यायचाच असेल तर तो धंदा समजून घ्या. एक नमुना समोर बसून विणून घ्या, घड्याळ लावा, लागलेल्या तासांवर मजुरी काढा, मग सूत आणि आपला नफा मिळवून विक्रीचा भाव ठरवा. त्या भावात गिऱ्हाईक नसेल तर तो माल करू नका. नापास नगाची मजुरी कोणी सोसायची हे आधी बोला. रोख द्या. आणि काम नाकारण्याची मोकळीक ठेवा, कारण नातलग आणि शेजारी तोंडाने नाही म्हणत नाहीत.

स्वतःसाठी चार गोष्टी

बंधूंनो, हा विषय केवळ बायकांचा समजू नका. पेरू देशातल्या तितिकाका सरोवरात ताकिले नावाचे बेट आहे. तेथे पुरुष सुयांवर टोप्या विणतात, आणि त्या बेटाच्या कापडकलेचा युनेस्कोने २००५ साली गौरव केला. आपल्याकडेही निवृत्त विणकराच्या हातात जे कसब आहे ते माग बंद झाल्याने संपत नाही. मंदीत दुकानात माश्या मारीत बसण्यापेक्षा, रक्तदाब वाढेपर्यंत उधारीची यादी वाचण्यापेक्षा, हाताला काही असावे. कोणी खुशखत गिरवावा, कोणी लाकूड कोरावे, कोणी जुन्या कपड्यांची गोधडी शिवावी. आम्ही स्वतः खुशखताकडे वळलो आहोत. उर्दू शाळेत तख्तीवर बोरूने लिहीत होतो, तो बोरू चाळीस वर्षांनी पुन्हा हातात घेतला. अक्षर अजून बसत नाही, पण दुकान बंद केल्यावरचा अर्धा तास बरा जातो.

क्रोशा शिकायचा असेल तर खर्च थोडा आहे. एक सुई आणि एक गोळा पुरे. पहिल्या दिवशी बारीक धागा घेऊ नका. क्रोशाच्या सुती धाग्याचा नंबर जेवढा मोठा तेवढा धागा बारीक, हे आपल्या काउंटसारखेच आहे. एकेरी सूत सुईत फाटते, म्हणून पदरी वळलेले सूत घ्या. मर्सराइज्ड असेल तर चमक राहते आणि तूस कमी निघते. रंगीत सूत ओले करून पांढऱ्या कापडावर चोळून पाहा, नाही तर पहिल्या धुण्यात टोपी बिघडते. उजेडात बसा. अर्ध्या तासाने सुई ठेवून बोटे मोकळी करा. दुखू लागले तर थांबा. एकटे बसण्यापेक्षा दोघे-तिघे मिळून बसणे चांगले. मात्र झोप, भूक पार गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर सुईवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. आपांनाही गोळी लागलीच होती.

आपांनी सात-आठ महिने सुईला हात लावला नाही. मग थंडीत एक दिवस आपणहून पिशवी मागितली. आता गुरुवारी दुपारी त्या पाच जणी आमच्या माडीवर बसतात. गप्पा जास्त, टाके कमी. कोणी टोपी मागितली तर आपा स्वतः भाव सांगतात, आणि तयार कधी होईल ते सांगत नाहीत. आम्ही मध्ये पडत नाही.

आपल्या दुकानांत पदरी सुताचे उरलेले कोन आणि कटपीस पडून असतात. ते भंगारवाल्याला किलोने देण्याआधी एकदा घरात विचारावे, कोणाला हवेत का. आणि दिल्यावर त्यांचे काय झाले, ते विचारू नये.