शीर सुजली तर चोळू नका

लावणीचे दिवस. दिवसभर चिखलात उभे राहून घरी यावे, तर पोटरी ठणकत असते. हात लावला की कातडीखाली दोरीसारखी कडक शीर लागते. वरची कातडी लाल आणि गरम. घरातले वडीलधारे म्हणतात, "शीर आखडली असेल, तेल कोमट करून चोळा." शेतकरी बंधुभगिनींनो, इथेच हात आवरा!

ही शीर आखडलेली नसते. तिच्यात रक्ताची गुठळी झालेली असते व शिरेची भिंत सुजलेली असते. पायावर पिळदार शिरा फुगलेल्यांना हा त्रास अधिक होतो. गरोदर व बाळंत स्त्रिया, संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या, ऑपरेशननंतर पडून असलेले, कॅन्सरचे रोगी यांनीही जपावे. सलाइन लावलेल्या हाताची शीरही अशीच सुजते.

डॉक्टर बहुधा हात लावूनच आजार ओळखतात. मग सोनोग्राफी कशाला? ओढा नदीला मिळावा तशा या वरच्या शिरा आतल्या मोठ्या शिरांना मिळतात. गुठळी किती लांब आहे, त्या संगमापासून किती दूर आहे, हे डॉप्लर सोनोग्राफीत दिसते. उपचार त्यावरच ठरतात.

गुठळी लहान असेल तर सूज उतरवणारी गोळी किंवा मलम, बसता-झोपता पाय उंच ठेवणे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास लवचीक मोजे, एवढे बहुधा पुरते. अंथरूण धरू नका, चालते-फिरते राहा. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दिवस गेलेले असतील तर गोळीआधी डॉक्टरांना सांगा.

पायातील गुठळी ५ सेंटिमीटर किंवा अधिक लांब असेल तर रक्त गोठू न देणारे औषध बहुधा ४५ दिवस देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ३,००० रोग्यांच्या अभ्यासात, असे इंजेक्शन घेणाऱ्यांत शंभरात एकालाच गुठळी वाढण्यासारखा पुढचा त्रास झाला. न घेणाऱ्यांत सहांना. गुठळी जांघेतील संगमाजवळ असेल तर औषध आणखी लांबते. ते मधेच सोडू नका.

सगळा पाय सुजला, धाप लागली, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडले, तर सकाळची वाट पाहू नका. गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. १०८ ला फोन करून लगेच रुग्णालय गाठा.

लावणी दोन दिवस मागे पडली तर चालेल. पाय दाखवणे मागे टाकू नका.