आधी तुकडा, मग ऑपरेशन

भाग चौथा

मागच्या भागात मी सोनोग्राफीपर्यंत आले होते. पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर अंगावरून लाल गेलं आणि पिशवीचं आतलं अस्तर 11 मिलिमीटर जाड निघालं. पाळी गेल्यानंतर रक्त गेलं आणि अस्तर 4 मिलिमीटरहून जाड असलं, तर त्याचा तुकडा तपासावाच लागतो.

गावातल्या डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट पाहून थेट ऑपरेशनची तारीख दिली. ‘काढून टाकू, पुढची कटकट नको.’ घरी सगळ्यांना पटलं. नणंदेची, थोरल्या जाऊबाईंची पिशवी अशीच गेली होती. माझी भाची नर्स आहे. तिनं फोनवर एकच विचारलं, ‘मावशी, क्युरेटिंग झालं का?’

क्युरेटिंग म्हणजे अस्तर खरवडून तपासायला तुकडा घेणं. ते झालं नव्हतं. आणि सगळं त्यावरच अवलंबून होतं.

अस्तर जाड होण्यामागे साधा पॉलिप असू शकतो, नुसती वाढ असू शकते. पाळी गेल्यावर रक्त जाणाऱ्या दहाजणींत साधारण एकीलाच कॅन्सर निघतो. पण ती एक आपण असलो, तर ऑपरेशन वेगळं असतं. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश आणि नळ्या काढतात, पोट आतून नीट पाहतात, गरजेप्रमाणे लसिकाग्रंथी तपासायला घेतात. पिशवी अखंड बाहेर काढतात. पोटात तिचे तुकडे केले तर रोग पसरू शकतो. हे आधी ठाऊक नसेल, तर अर्धवट ऑपरेशन होतं आणि दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं.

क्युरेटिंग भूल देऊन झालं, संध्याकाळी मी घरी होते. फॉर्मालिनची छोटी बाटली लॅबमध्ये न्यायला नर्सबाईंनी माझ्या मुलाच्या हातात दिली. तळाशी तांबूस चुरा. मुलानं निघण्यापूर्वी चिठ्ठीवरचं नाव, वय, तारीख मोठ्यानं वाचून घेतलं. तुम्हीही वाचून घ्या.

रिपोर्टमध्ये कॅन्सर होता, ग्रेड 1. घरच्यांना वाटलं, म्हणजे पहिली स्टेज. तसं नाही. पेशी किती बिघडल्यात ते ग्रेड सांगते; रोग कुठवर पोचलाय ते स्टेज. खरी स्टेज काढलेली पिशवी तपासल्यावरच ठरते. म्हणून एमआरआय करून मी कॅन्सर हॉस्पिटल गाठलं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. रोग पिशवीतच होता, स्नायूच्या थरात निम्म्यापेक्षा कमी शिरलेला. ग्रंथी स्वच्छ. मला शेक घ्यावा लागला नाही, केमोही नाही.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कॅन्सरची भीती घालून काढल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या, तेव्हा मी हळहळले होते. आता त्याचा राग येतो. जिथे भीती खरी असते, तिथेही आधी पुरावा लागतो.

तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्या, जपून ठेवा. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात नुसता कागद चालत नाही, त्या स्लाइड तिथे पुन्हा पाहतात. आणि पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला, तरी डॉक्टरांना विचारा: तुकडा कधी तपासायचा?