तोफेचे पाय

परभणीच्या काळ्या रानात भर पावसाळ्यात लादलेली गाडी घालू नये, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगतं. जमीन कसदार, पण ओली झाली की चाक आसापर्यंत गिळते. चार बैल जुंपा, दगड टाका, तुराट्यांचे भारे अंथरा. गाडी निघाली तर नशीब. म्हणूनच ४७ टनांची 'वज्र' तोफ रस्ता सोडून रानातून धावते हे वाचलं, तेव्हा मला तिच्या नळीपेक्षा तिच्या पायांचं नवल जास्त वाटलं.

तोफ मारते किती, यापेक्षा ती पोचते कशी, हा प्रश्न जुना आहे. फर्ड्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो. ती मूळ तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. पुढे ती आपल्या मराठवाड्यातल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. तिला ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असं सांगतात. आकडा थोडा फुगलेला असेलही, पण एका तोफेमागे अख्ख्या गावाची दावण रिकामी होत होती एवढं नक्की. याच्या अगदी उलट टोकाला उंटाच्या पाठीवर बसवलेलं जंबूरक. ही छोटी तोफ उंटावरूनच डागायची आणि उंटासकट पुढे सरकायचं. 'स्वयंचलित तोफ' या कल्पनेचा आद्य पुरुष हा उंटच. फक्त त्याच्या पाठीला मोठा गोळा झेपत नव्हता.

मोठ्या तोफेला पाय मिळाले ते शेतातून. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नदीमुखाजवळची जमीन अशीच मऊ, भुसभुशीत होती. तिथल्या स्टॉकटन गावचे बेंजामिन होल्ट वाफेचे ट्रॅक्टर बनवत आणि ते रुतत. चाकं रुंद करत करत यंत्राची एकूण रुंदी ४६ फुटांवर गेली, तरी रुतणं काही थांबेना. शेवटी त्यांनी मागची चाकं काढली आणि लाकडी फळ्यांची साखळी बसवली. २४ नोव्हेंबर १९०४ ला तिची चाचणी झाली. आज विहीर खोदायला येणाऱ्या पोकलेनच्या चेनी आपण पाहतो, तेच तत्त्व. वजन तेवढंच राहतं, पण ते लांबरुंद पट्ट्यावर पसरतं, म्हणून जमिनीच्या प्रत्येक इंचावर पडणारा भार कमी होतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या अवजड तोफा याच होल्ट ट्रॅक्टरांनी ओढल्या.

ओढण्याऐवजी तोफ थेट यंत्रावरच का चढवू नये? ब्रिटिशांनी १९१७ मध्ये रणगाड्याचेच भाग वापरून 'गन कॅरियर' नावाची ४८ वाहनं करायला घेतली. प्रत्यक्षात बहुतेकांच्या नशिबी दारूगोळा वाहण्याचीच हमाली आली.

खरी धांदल दुसऱ्या महायुद्धात उडाली. रणगाडे पुढे पळू लागले आणि ओढायच्या तोफा मागे राहू लागल्या. मग हाताशी असेल त्या रणगाड्याच्या सांगाड्यावर हाताशी असेल ती तोफ बसवा, असा सगळीकडे कारखाना सुरू झाला. यातला ब्रिटिशांचा 'बिशप' मला फार आवडतो, कारण त्याची फजिती अगदी आपल्या गावच्या जुगाडासारखी आहे. व्हॅलेंटाइन रणगाड्यावर उंच पत्र्याची खोली आणि तिच्यात २५ पौंडी तोफ. पण छप्पर आड आल्यामुळे नळी १५ अंशांपेक्षा वर उचलता येईना, आणि नळी वर गेली नाही की गोळा लांब जात नाही. एरवी १२ किलोमीटर मारणारी तोफ निम्म्यावर आली. यावर तोफखान्याच्या जवानांनी काढलेला तोडगा असा: मातीचा उतार रचायचा आणि अख्खी गाडीच त्यावर तिरपी चढवायची!

अमेरिकनांची १०५ मिलिमीटरची 'प्रीस्ट' उघड्या छताची, म्हणून तिला छप्पर आड येत नव्हतं. तिच्या मशीनगनभोवतीचा गोल कठडा चर्चमधल्या प्रवचनाच्या ओट्यासारखा दिसे, त्यावरून हे नाव पडलं. कॅनडाने याच बांधणीवर २५ पौंडी तोफ बसवून 'सेक्स्टन' केली. या गाड्या हलक्याच म्हणायच्या. जड पंक्तीत अमेरिकेची एम-१२ येते. १५५ मिलिमीटरची नळी, ताशी जेमतेम चाळीसेक किलोमीटर वेग, आणि गाडीत जागा फक्त १० गोळ्यांना. धक्क्याने गाडी मागे ढकलली जाऊ नये म्हणून मागे बुलडोझरसारखं पातं असे, ते जमिनीत रोवायचं. अशा शंभर गाड्या बनवून सैन्याने त्या घरीच ठेवल्या होत्या. युरोपवरच्या चढाईआधी त्यांची आठवण झाली आणि ७४ गाड्या दुरुस्त करून पाठवल्या. काँक्रीटचे बुरुज फोडण्याच्या कामात त्यांनी असं नाव काढलं की त्यांना 'दार ठोठावणारी' म्हणू लागले.

रशियाच्या एसयू-१५२ चा गोळा ४३ किलोंच्या वर, म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडाच हलका. पहिला नमुना २५ दिवसांत उभा केला आणि जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या रणांगणावर ही तोफ उतरलीही. समोर जर्मनांची १५० मिलिमीटरची 'हुमेल' होती. जर्मनांनी ६०० मिलिमीटर तोंडाची आणि १२४ टनांची 'कार्ल' नावाची उखळी तोफही पट्ट्यांवर चढवली होती. सात बनवल्या. स्वतःच्या बळावर ती चालत्या माणसाच्या वेगाने सरके आणि लांबचा प्रवास रेल्वेने करी. मुलूखमैदानाचीच ही नात.

आपल्या मुलखाने असे पट्टे पाहिले ते १९४८ मध्ये. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्याची चिलखती तुकडी सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. तिथला बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागणं किती मोलाचं होतं, हे सप्टेंबरातली आपली जमीन ज्याने पाहिली त्याला वेगळं सांगायला नको. शर्मन रणगाड्याला पट्टे असले तरी फुगलेल्या नदीपुढे पट्टाही हरतो.

१९६५ च्या युद्धात भारताकडे या जातीची तोफ होती ती जुनी सेक्स्टनच. पुढे आपणही हाताशी असेल त्याची मोट बांधली. विजयंता रणगाड्याचा सांगाडा लांबवला, त्यावर रशियन १३० मिलिमीटरची एम-४६ बसवली आणि नाव ठेवलं 'कॅटापल्ट'. मारा २७ किलोमीटरांचा, पण जवान उघड्यावर. मग आली बोफोर्स. तिच्यावरच्या राजकारणाची चर्चा इतकी झाली की तिचा एक गुण झाकलाच गेला. ती ओढायची तोफ असली तरी तिला स्वतःचं छोटं इंजिन आहे, त्यावर ती थोडं अंतर आपली आपण चालते.

आणि मग वज्र. मूळ दक्षिण कोरियाची के-९, बांधणी गुजरातेतल्या हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात. सैन्यात ती दाखल झाली ती मात्र आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला, ९ नोव्हेंबर २०१८ रोजी, तोफखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात. (तोफ डागणाऱ्याला मुळात गोलंदाज म्हणत. क्रिकेटने तो शब्द पळवला.) '१५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबर' असं तिचं वर्णन छापून येतं. पहिला आकडा नळीच्या तोंडाचा, दुसरा लांबीचा: तोंडाच्या बावन्न पट, म्हणजे आठ मीटरच्या थोडं वर. बोफोर्सची नळी ३९ पट, सहा मीटरांची. नळी लांब असली की दारूच्या वायूला गोळा ढकलायला जास्त अवधी मिळतो आणि पल्ला वाढतो. वज्रचं इंजिन १,००० अश्वशक्तीचं, आत पाच जवान आणि ४८ गोळे. गोळ्यांचंच वजन वीस क्विंटलच्या वर भरतं. घाईच्या वेळी ३० सेकंदांत तीन गोळे, तीन मिनिटांत पंधरा.

एवढी घाई कशाला? गोळा हवेत असतानाच शत्रूचं रडार त्याचा मार्ग उलटा मोजून तोफ कुठे उभी आहे ते काढतं. तीस किलोमीटर जायला गोळ्याला मिनिटाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तोफेने जागा सोडली तर ती वाचली. ओढायची तोफ आवरून गाडीला जुंपेपर्यंत शत्रूचं उत्तर येऊन पडलेलं असतं. डागायचं आणि सटकायचं, यासाठीच हे पाय.

वज्र घेतली होती राजस्थानच्या वाळवंटासाठी. २०२१ मध्ये मात्र तिला लडाखला नेलं. तेव्हा लष्करप्रमुख होते पुण्याचे जनरल मनोज नरवणे. थंडीसाठी थोडे बदल करून ती तिथे चालली. पहिल्या १०० तोफा २०२१ मध्येच पुऱ्या झाल्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी शंभरांचा करार झाला, ७,६२८ कोटींचा.

पट्ट्यांची किंमतही असते. ते डांबरी रस्ता उकरतात, स्वतः झिजतात, डिझेल पितात. म्हणून लांबच्या पल्ल्याला वज्रही चाकांच्या ट्रेलरवर बसून जाते. आता अहिल्यानगरच्या वाहन संशोधन संस्थेने १५५ मिलिमीटरची तोफ आठ चाकांच्या ट्रकवर बसवली आहे. नळी पुण्याच्या संशोधन संस्थेने घडवलेल्या 'अटॅग्स' तोफेची. पट्ट्यांच्या गाडीपेक्षा ही हलकी, स्वस्त आणि रस्त्यावर वेगवान. पण गोळा डागण्याआधी तिला मागचे लोखंडी पाय खाली टेकवावे लागतात, एम-१२ च्या पात्यासारखे, आणि दर गोळ्याचा धक्का त्या पायांतून जमिनीत उतरतो. श्रावणात आमच्या काळ्या रानात ती उभी करायची झाली, तर तुराट्यांचे भारे तयार ठेवावे लागतील.