व्याज सरकार भरतं, पण कधीपासून?

ब्रिटनमध्ये नोकरी गेली तर घरकर्जाच्या व्याजाला सरकार हातभार लावतं, हे तिथल्या मराठी घरांत सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. ‘सपोर्ट फॉर मॉर्गेज इंटरेस्ट’ हे योजनेचं नाव. सल्लाकेंद्रात आम्ही तिला नुसतं ‘एसएमआय’ म्हणतो. फक्त व्याज, मुद्दल नाही. नोकरीच्या वयातल्यांना कर्जाच्या 2 लाख पौंडांपर्यंत. पैसे तुमच्या हातात पडत नाहीत, थेट कर्ज देणाऱ्या बँकेकडे जातात. एवढं पत्रकात छापलेलं असतं. मी टेबलाच्या अलीकडे बसून बरीच वर्षं हे अर्ज भरून देते आहे, म्हणून पत्रकाबाहेरचं सांगते. किश्शांतल्या माणसांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत. एक गोष्ट मात्र प्रत्येक किश्शात तीच आहे: घर वाचतं की जातं, ते पुष्कळदा तारखेवर ठरतं.

पहिला किस्सा 1995 चा. तोवर नोकरी गेल्यावर सुरुवातीचे 16 आठवडे निम्मं व्याज मिळे आणि पुढे पूर्ण. सामाजिक सुरक्षा मंत्री पीटर लिली यांच्या काळात ऑक्टोबर 1995 पासून नियम बदलला. नव्या कर्जदारांनी 39 आठवडे थांबायचं आणि मधल्या काळासाठी खासगी विमा काढायचा, अशी ती कल्पना. बँकांनी हप्तासंरक्षणाचे विमे धडाक्यात विकले. स्वतःचा धंदा करणाऱ्यांच्याही गळ्यात ते मारले, ज्यांना दावा मंजूर होण्याची आशाच नव्हती. त्या विम्यांच्या सगळ्या गोतावळ्याची भरपाई पुढे 38 अब्ज पौंडांवर गेली. भरपाई मागण्याची शेवटची तारीख होती 29 ऑगस्ट 2019. तोवर सरकारी मदत ही मदत राहिलेलीच नव्हती, तिचं कर्ज झालं होतं. पण ते पुढे सांगते.

त्याआधी 2009. मंदी आली, तशी 39 आठवड्यांची प्रतीक्षा 13 वर आली आणि कर्जाची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख पौंडांवर गेली. या योजनेत तुमचा स्वतःचा व्याजदर कुणी पाहत नाही, सगळ्यांना एकच प्रमाणदर लागू होतो. तो गोठवला होता 6.08 टक्क्यांवर, आणि मार्चमध्ये बँक ऑफ इंग्लंडचा दर उतरला अर्ध्या टक्क्यावर. ज्यांचं कर्ज बँकदराला बांधलेलं, त्यांच्या खात्यात व्याजापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ लागली आणि वरची रक्कम मुद्दलात वळती झाली. मुद्दलाला हात न लावणारी योजना गुपचूप मुद्दल फेडत होती! ऑक्टोबर 2010 मध्ये प्रमाणदर 3.63 वर आला आणि मार बसला तो भलत्यांनाच: ज्यांनी आधीच्या चढ्या दराने कर्ज बांधून घेतलं होतं, त्यांना.

मग आलं युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे बेकार आणि कमी कमाईच्या लोकांसाठीचा एकत्रित सरकारी भत्ता, आणि त्यातला शून्य कमाईचा नियम. 2016 पासून प्रतीक्षा पुन्हा लांबली होती. नव्या पद्धतीत सलग नऊ महिने मोजले जात. मध्ये एक पौंड जरी कमावला, तरी मोजणी पुन्हा एकपासून. एक गृहस्थ आठव्या महिन्यापर्यंत पोचले होते. नाताळच्या गर्दीत एका गोदामात चार दिवसांचं काम मिळालं, ते त्यांनी आनंदाने केलं आणि इमानदारीने कळवलं. मोजणी शून्यावर आली. 3 एप्रिल 2023 ला प्रतीक्षा तीन महिन्यांची झाली आणि कमाईची अटही गेली, तेव्हा मी हौसेने त्यांना फोन केला. त्यांना नोकरी लागली होती. घर मात्र आधीच विकावं लागलं होतं.

आता ते कर्ज. एप्रिल 2018 मध्ये मदत बंद झाली आणि तेवढीच रक्कम व्याजाने, घरावर बोजा चढवून मिळू लागली. लोकांना फोन करून समजावायचं काम सरकारी खात्याने सर्को या कंपनीला दिलं. इथे फसवणुकीचे फोन इतके येतात, की घर, पैसे आणि सही असे तीन शब्द एकत्र ऐकले की शहाणा माणूस फोन ठेवतो. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी शहाण्या माणसांनी तो ठेवला, आणि मदत तिथेच थांबली.

ज्यांनी ऐकून घेतलं, त्यांना दुसरी भीती. “आमच्या मागे पोरांच्या डोक्यावर हे ओझं नको,” असं एक काकू परतपरत म्हणत होत्या. मी त्यांच्यासमोर अटींचा कागद ठेवला. वसुली होते ती घर विकताना किंवा दुसऱ्याच्या नावावर करताना, घराच्याच किमतीतून. बाजारभावाने विकूनही ती पुरली नाही, तर उरलेलं माफ होतं. काकूंनी ओळीवर बोट ठेवून ते दोनदा वाचलं आणि सही केली. पण घर दोघांच्या नावावर होतं. काकांनी पेन हातात घेतलं, ते बँकेच्या वकिलाची नोटीस आल्यावर.

आपल्या लोकांचा खास किस्सा पुण्याच्या फ्लॅटचा. वर्क व्हिसावर असणाऱ्यांना हे दार बंदच असतं. कायम वास्तव्याचा परवाना किंवा नागरिकत्व असलं तरी राहतं घर सोडून 16,000 पौंडांवर मालमत्ता असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट नाही, आणि ते नाही तर एसएमआयही नाही. भारतातली एफडी आणि घरही यात धरतात. एका जोडप्याने फ्लॅटची गोष्ट फॉर्मवर लिहायचीच नाही, असं ठरवलं होतं. “तिथे राहतं कोण?” मी सहज विचारलं. “आई-बाबा. दोघंही सत्तरीच्या पुढचे.” इथल्या पेन्शनचं वय उलटलेले जवळचे नातेवाईक त्या घरात राहत असतील, तर त्याची किंमत मोजत नाहीत. जे लपवून ते गोत्यात आले असते, ते सांगितल्यामुळेच त्यांचं काम झालं.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मी संकोचाने झालेलं पाहिलं आहे. नोकरी गेल्याचं घरी न सांगता रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारी माणसं या टेबलाशी आली आहेत. शिल्लक संपली, हप्ते तुंबले, की मग येतात आणि म्हणतात, “मी सहा महिने बेकार आहे, म्हणजे माझे तीन महिने भरलेच ना?” नाही भरलेले. मोजणी नोकरी गेल्यापासून होत नाही, युनिव्हर्सल क्रेडिट सुरू झाल्यापासून होते. नुसता ‘न्यू स्टाइल’ नावाचा वेगळा बेकारभत्ता घेत राहिलात, तर सुरूच होत नाही.

म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज करा. शिल्लक जास्त असल्याने तो फेटाळला गेला, तर ती 16,000 च्या खाली येताच पुन्हा करा. हप्ता चुकण्याआधी बँकेला कळवा. जून 2023 च्या मॉर्गेज चार्टरवर सह्या केलेल्या बँका पहिला हप्ता चुकल्यापासून 12 महिने तुमच्या संमतीशिवाय घराचा ताबा घेत नाहीत, आणि हप्ते थकलेले नसतील तर 6 महिने फक्त व्याज भरायची मुभा देतात. पण हे आपणहोऊन मागावं लागतं. नोकरी जाणं हा काही गुन्हा नाही. नामंजूर झालेल्या अर्जात एक दुपार जाते; न केलेल्या अर्जापायी माझ्यासमोर घरं गेली आहेत.