मेलेले कावळे आणि ठणठणीत इमू

दोडामार्गहून एका वाचकाने विचारलं आहे: रानात माकड मेलेलं दिसलं की पशुवैद्यकांना का बोलावतात? ताप तर माणसांना येतो! या प्रश्नाचं उत्तर न्यूयॉर्कच्या एका प्राणिसंग्रहालयापासून सुरू करायला हवं.

१९९९चा उन्हाळा. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाच्या आवारात कावळे मरून पडू लागले. तिथल्या पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख होत्या पशुवैद्यक ट्रेसी मॅकनमारा. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात माणसांना मेंदूज्वर होत होता. ३ सप्टेंबरला निदान जाहीर झालं: सेंट लुईस एन्सेफलायटिस. तो डासांतून पसरतो, म्हणून डासांवर फवारणी सुरू झाली. त्याच दिवसांत संग्रहालयातले फ्लेमिंगो दगावले. मॅकनमारांनी शवविच्छेदन केलं, तर मेंदूत रक्तस्राव आणि हृदयाच्या स्नायूला सूज.

जाहीर झालेलं निदान त्यांना पटेना. सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांच्या अंगात राहतो, पण त्यांना सहसा मारत नाही. मग ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस? त्याने इमू मरतात, आणि संग्रहालयातले इमू तर ठणठणीत होते. बर्ड फ्लू किंवा राणीखेत असता तर कोंबड्या आधी गेल्या असत्या. त्याही धडधाकट होत्या. मला या कथेतलं हेच सर्वांत आवडतं. मेलेल्यांइतकीच जिवंत राहिलेल्यांची साक्षही त्यांनी नोंदवून घेतली.

माणसांची तपासणी मग चुकली कशी? लग्नघरात एखादी आजी अनोळखी मुलाचं नाक बघून म्हणते, 'तू कुलकर्ण्यांचा ना?' घराणं बरोबर ओळखते, पण कोणत्या कुलकर्ण्यांचा, हे नाकावरून कळत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांचंही तसंच आहे. फ्लाविव्हायरस घराण्यातल्या एका विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं त्याच्या भावंडांनाही चिकटतात. आणि खरा पाहुणा कोणी गृहीतच धरला नव्हता, कारण तो पश्चिम गोलार्धात याआधी कधी आढळलाच नव्हता.

मॅकनमारांनी सीडीसीला, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेला, कळवलं, पण पक्ष्यांचं मरण आणि माणसांचं आजारपण हे दोन वेगळे प्रश्न मानले गेले. त्यांनी नमुने आयोवातल्या पशुरोग प्रयोगशाळेकडे आणि लष्कराच्या प्रयोगशाळेकडेही पाठवले. सप्टेंबरअखेर उलगडा झाला: वेस्ट नाइल विषाणू, १९३७ मध्ये युगांडात प्रथम सापडलेला. त्या वर्षी न्यूयॉर्क परिसरात ६२ जण गंभीर आजारी पडले, ७ जण दगावले. मॅकनमारा पुढे कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न युनिव्हर्सिटी ऑफ हेल्थ सायन्सेसमध्ये प्राध्यापक झाल्या. वेस्ट नाइलची गोष्ट सांगताना त्यांचं नाव अनेकदा गाळलं जातं, याची मला खरोखर चीड येते.

दोडामार्गचा माकडताप याच फ्लाविव्हायरस घराण्यातला. १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, आसपासच्या गावांत ताप पसरला, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने नवा विषाणू शोधून काढला. इथे तो डासांऐवजी गोचिडींतून येतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी जमिनीवर उतरतात आणि पाचोळ्यात दबा धरून बसतात. काजूच्या हंगामात बोंडं वेचणारे हात त्याच पाचोळ्यात जातात. म्हणून पशुवैद्यकांना बोलवायचं: ते नमुना घेतात, आणि आजूबाजूला गोचिडींवर औषध टाकलं जातं. तोवर त्या माकडाला हात लावू नका. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.