चाकांवरचं घर उभं कुठे करायचं?

कागल मागे टाकलं की पुणे-बंगळूर महामार्गावर लगेच कोगनोळीचा नाका येतो आणि कर्नाटक सुरू होतं. पाहुण्यारावळ्यांसाठी, दवाखान्यासाठी, निपाणीच्या बाजारासाठी कोल्हापूरकर ही हद्द सहज ओलांडत आले. कोरोनामुळे २३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. एप्रिलमधली जोतिबाची चैत्र यात्राही रद्द झाली.

घरातच थांबा, एवढाच आदेश होता. ज्यांचं घरच गाडीत, त्यांनी थांबायचं कुठे?

एक फ्रेंच कुटुंब आपली मोटरहोम घेऊन १ मार्चला वाघा सीमेवरून भारतात आलं होतं. आईवडील, तीन मुलं, पुढचा मुक्काम नेपाळ. नेपाळची सीमा बंद झाली आणि उत्तर प्रदेशातल्या महाराजगंज जिल्ह्यात, कोल्हुआ गावच्या शिवमंदिराच्या आवारात गाडी उभी राहिली, ती काही महिने. गावाने त्यांना सामावून घेतलं. मुलांच्या तोंडी हिंदी शब्द आले.

गावाची ही साथ मोलाची होती, कारण मोटरहोम दिसते तितकी स्वयंपूर्ण नसते. आत बिछाना, शेगडी, शौचालय सगळं असतं. पण पाण्याची टाकी काही दिवसांत रिकामी होते आणि सांडपाण्याची भरते. दिवे, पंखा, फ्रीज चालवणारी बॅटरी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू असताना चार्ज होते. गाडी एका जागी थांबली की सौर पॅनेल तरी हवं, नाहीतर कुणाच्या तरी घरातून ओढलेली वायर.

कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात तेव्हा याहून कितीतरी मोठा संसार अडकून पडला होता. बीड, नगरकडच्या ऊसतोड जोड्या दरवर्षी कुणी ट्रकने, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, कुणी टायरच्या बैलगाडीतून भांडीकुंडी, धान्य, पोरंबाळं घेऊन येतात आणि तळावर कोप्या घालून राहतात. हंगाम संपून पट्टा पडला की तेच सगळं पुन्हा गाडीत भरून गावाकडे निघायचं. त्या वर्षी पट्टा पडला आणि रस्ता बंद. तोड चालू असेपर्यंत बैलांना उसाचे वाढे मिळतात. तोड थांबली की वैरणीचा प्रश्न. राज्यात लाखाहून अधिक मजूर असे खोळंबले होते. आरोग्य तपासणी करून त्यांना गावी पाठवण्याची परवानगी सरकारने दिली ती १७ एप्रिलला. पर्यटकांच्या हालांच्या बातम्यांत या कुटुंबांना फार कमी जागा मिळाली, याची खंत वाटते.

पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं. गाडीइतकाच भर त्यात कॅरॅव्हॅन पार्कवर आहे: मुक्कामाची जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह. मात्र लगोलग दुसरी लाट आली. एप्रिल २०२१ मध्ये जिल्ह्याबाहेर जायला पुन्हा बंदी, पुन्हा ई-पास.

गगनबावडा, आंबा, फोंडा, आंबोली असे घाट कोल्हापूरहून कोकणात आणि गोव्याकडे उतरतात. या वाटांवर कॅरॅव्हॅन पार्क व्हायला हवेत. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात त्यांची नोंद मुक्कामाच्या जागा म्हणून असावी आणि त्याच आराखड्यात ऊसतोडीच्या तळांवरचं पाणी, शौचालयं आणि बैलांची वैरणही धरलेली असावी.