हंगामाच्या सांध्यावरचा खेळाडू

खेळाडूच्या शरीराला सर्वाधिक धोका मेहनतीच्या ऐन भरात असतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अमेरिकेतील विद्यापीठीय आणि व्यावसायिक क्रीडाक्षेत्राचा अनुभव पाहिला, तर अनेक गंभीर दुर्घटना एक टप्पा संपून दुसरा सुरू होण्याच्या सांध्यावर घडलेल्या दिसतात. तेथील खेळाडूचे वर्ष स्पर्धेचा हंगाम, त्यानंतरचा विसावा आणि पुढच्या हंगामाची पूर्वतयारी अशा टप्प्यांत विभागलेले असते आणि प्रत्येक टप्प्यात सरावाचे स्वरूप व प्रमाण बदलले जाते. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे; मात्र वेळापत्रक एका दिवसात बदलते आणि शरीराला त्यासाठी काही आठवडे लागतात.

अमेरिकन फुटबॉलची पूर्वतयारी ऐन उन्हाळ्यात, जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये सुरू होते. वातानुकूलित व्यायामशाळेत कमावलेली ताकद कडक उन्हात तशीच टिकत नाही, कारण उष्णतेशी जुळवून घेताना रक्तातील द्रवभाग वाढावा लागतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मीठ कमी होते आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. या सगळ्याला साधारण १० ते १४ दिवस जातात. आयुर्वेदानेही मावळत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस ऋतुसंधी मानून त्या काळात आहारविहार हळूहळू बदलायला सांगितले आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा २७ वर्षांचा कोरी स्ट्रिंगर पूर्वतयारीच्या शिबिरात उष्माघाताने कोसळला आणि १ ऑगस्ट २००१ रोजी मरण पावला. दोन वर्षांनी, २००३ मध्ये, विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने फुटबॉलच्या पूर्वतयारीचे पहिले पाच दिवस उन्हाची सवय होण्यासाठी राखून ठेवले: आरंभी केवळ हेल्मेट, मग खांद्यांची संरक्षक गादी आणि पाचव्या दिवशी संपूर्ण पोशाख. खेळाडूच्या अंगावरील पोशाखही उष्णता कोंडून ठेवतो, हे ओळखून केलेला हा नियम अत्यंत शहाणपणाचा होता. स्ट्रिंगरच्या नावाने २०१० मध्ये कनेटिकट विद्यापीठात स्थापन झालेली संस्था, उष्माघात झालेल्या खेळाडूला आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करावे आणि मगच रुग्णालयात हलवावे, असा आग्रह धरते.

हिवाळ्यातील सांधा वेगळ्या तऱ्हेने घात करतो. जानेवारी २०११ मध्ये सुट्टीवरून परतलेल्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंकडून खांद्यावर वजन घेऊन १०० बैठका काढून घेण्यात आल्या आणि पुढील काही दिवसांत १३ खेळाडूंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांना ऱ्हॅब्डोमायोलिसिस झाला होता. या विकारात अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते, लघवीचा रंग गडद तपकिरी होतो आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका निर्माण होतो. सर्व खेळाडू सुदैवाने बचावले. विसाव्यानंतर मनाची जिद्द कायम असते, पण स्नायूंची सहनशक्ती घटलेली असते, आणि ‘कोण किती टिकतो’ हे पाहण्याचा मोह प्रशिक्षकांना नेमक्या याच आठवड्यात होतो.

मनही सरावाच्या चढउतारांप्रमाणे बदलते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दहा वर्षे जलतरणपटूंच्या मनःस्थितीची पाहणी केली आणि १९८७ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. पोहण्याचे अंतर जसजसे वाढत गेले तसतसे थकवा, चिडचीड आणि खिन्नता वाढत गेली, आणि स्पर्धेपूर्वी सराव कमी करण्याच्या ‘टेपर’ नावाच्या टप्प्यात मन पुन्हा ताळ्यावर आले. म्हणूनच खेळाडूच्या वागण्यातील बदल हा स्वभावदोष न मानता नाडीइतक्याच गांभीर्याने तपासायला हवा.

तरीही सराव कमी होणे म्हणजे मनाला आराम, असे दरवेळी घडत नाही. एनसीएएच्या नियमांनुसार हंगामात आठवड्याला २० तासांपर्यंत चालणारा सराव हंगामाबाहेर आठ तासांवर येतो. शरीराला विसावा मिळतो, पण त्याच वेळी सोबती, शिस्त आणि रोजचे उद्दिष्टही एकदम दूर जाते. बीजिंगमध्ये २००८ साली आठ सुवर्णपदके जिंकणारा मायकेल फेल्प्स याने प्रत्येक ऑलिम्पिकनंतर आपल्याला नैराश्याने ग्रासल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. शिवाय दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास आपले मन खचू लागते, हेही त्याच्या ध्यानात आले होते.